विश्वाचे वय, विश्वाचा विस्तार आणि एक आवर्ती ठेव

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्रलेखक ६६ वर्षांचे असून सहकारी बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि तालुक्याच्या गावी पत्नीसह राहतात. गेल्या दोन वर्षांत त्यांना खगोलशास्त्राची गोडी लागली आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ पाहण्याची सवय जडली. मात्र जसजसे ऐकावे तसतसा गोंधळ वाढतो, असे ते लिहितात. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे असेल, तर ४६०० कोटी प्रकाशवर्षे दूरचे दिसते कसे? कोणी वय त्याच्या दुप्पट सांगतो, कोणी विश्व ‘सपाट’ आहे म्हणतो, तर कोणी ‘अनंत’ म्हणतो. या विचारांनी झोप उडते आणि आपले सारे आयुष्य क्षुल्लक वाटू लागते. पत्नीचे म्हणणे असे की, या वयात नामस्मरण करावे, नसत्या गोष्टींत डोके घालू नये. अशात नातीने विचारले, “आजोबा, विश्वाच्या बाहेर काय आहे?” आणि त्यांना उत्तर देता आले नाही. येत्या नाताळात नऊ वर्षांची होणाऱ्या त्या मुलीसमोर आपण उघडे पडलो, असे त्यांना वाटले. हा नाद सोडून द्यावा का, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते खगोलशास्त्राविषयीचे वाटले आणि दुसऱ्या वाचनात झोपेविषयीचे. दोन्हींचे उत्तर देणार आहे. पण आधी खगोलशास्त्राचे, कारण तुमच्या अस्वस्थतेतील बराच भाग तुम्ही समजता तसा विश्वाच्या अफाटपणातून आलेला नसून, न जुळणाऱ्या हिशेबातून आलेला आहे, असे मला वाटते. ज्या माणसाने पस्तीस वर्षे संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घर गाठले नाही, त्याला १३८० आणि ४६०० या दोन आकड्यांनी झोपू न देणे अगदी स्वाभाविक आहे.

हा हिशेब जुळतो, आणि तो जुळवायला तुमचाच व्यवसाय उपयोगी पडतो. आवर्ती ठेव आठवा, जिला खातेदार आर. डी. म्हणतात. एखाद्याने दरमहा हजार रुपये भरले आणि दहा वर्षांनी त्याच्या हाती दोन लाखांच्या जवळपास रक्कम पडली, तर ‘भरले एक लाख वीस हजार, मग जास्तीचे आले कुठून?’ असे तुम्ही विचारणार नाही. प्रत्येक हप्ता भरल्यानंतर तो तेवढाच राहत नाही, त्यावर व्याज चढत जाते, आणि सर्वांत जुन्या हप्त्यावर सर्वांत जास्त चढते. प्रकाशाचा प्रवास नेमका असाच आहे. प्रकाश दर वर्षी एक प्रकाशवर्ष अंतर कापतो. तो त्याचा हप्ता. परंतु कापून मागे पडलेले अंतरही विश्वाच्या प्रसरणामुळे पुढे वाढत राहते, ते व्याज. १३८० कोटी वर्षे म्हणजे भरलेले हप्ते, आणि सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षे म्हणजे आजच्या तारखेची मुदतपूर्तीची रक्कम. पहिला आकडा काळाचा आहे आणि दुसरा अंतराचा. ते सारखे भरावेत अशी अपेक्षाच चुकीची होती.

कागद-पेन्सिल घेऊन ताळा करायचा असेल तर एक उदाहरण देतो. आपल्याला दिसू शकणारा सर्वांत जुना प्रकाश विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना निघालेला आहे. तो आज सूक्ष्मलहरींच्या रूपात आकाशाच्या सर्व दिशांनी येतो आणि १९६४-६५मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे पेन्झियस आणि विल्सन यांना, आपल्या अँटेनातील न जाणाऱ्या खरखरीचे कारण शोधताना, सापडला. ज्या ठिकाणाहून तो निघाला ते ठिकाण त्या वेळी आपल्या जागेपासून अवघ्या ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर होते. तेव्हापासून आजवर विश्वातील अंतरे सुमारे १०९० पटींनी वाढली आहेत. गुणाकार करून पाहा : साडेचार हजार कोटींच्या थोडे पुढे जातो. ४६५०चा आकडा अगदी आरंभापासूनचे हप्ते धरून येतो. व्याजाचा दर मात्र कायम नव्हता. आरंभी तो प्रचंड होता आणि पुढे उतरत गेला. तो उतरत उतरत शून्याकडे जाणार असे मानले जात होते; पण १९९८मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून लक्षात आले की प्रसरणाचा वेग वाढतो आहे, म्हणजे दर शून्याकडे न जाता कुठेतरी स्थिरावू पाहतो आहे, आणि स्थिर दराने चक्रवाढ काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको. या शोधाला २०११चे नोबेल पारितोषिक मिळाले. जाता जाता एक खुलासा : हे व्याज दीर्घिकांमधील, म्हणजे ताऱ्यांच्या महाप्रचंड समूहांमधील, अंतरांवर चढते. आपली सूर्यमाला किंवा खुद्द आकाशगंगा त्यामुळे ताणली जात नाही, कारण गुरुत्वाकर्षणाने ती घट्ट बांधलेली आहे.

आता तुमच्या पत्रातील एका गृहीतकाकडे वळतो. तुम्ही ‘विश्वाचा आकार’ असे लिहिता तेव्हा, माझा अंदाज असा की, तुमच्या मनात एक मोठा काळा गोल असतो, आत दिवे लुकलुकत असतात आणि तुम्ही तो बाहेरून पाहत असता. चूक तुमची नाही. ‘महास्फोट’ हा शब्दच तसे चित्र उभे करतो : फटाका फुटला, म्हणजे तो कुठल्यातरी जागी फुटला असणार आणि ठिणग्या सभोवतालच्या मोकळ्या हवेत उडाल्या असणार. ‘बिग बँग’ या ज्या इंग्रजी शब्दाचा हा अनुवाद, तो ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९मध्ये बीबीसी रेडिओवरील भाषणात वापरला होता, आणि गंमत अशी की हॉइल हे त्या कल्पनेचे समर्थक नसून विरोधक होते. विरोधकाने दिलेले नाव चिकटले आणि ते आजतागायत दिशाभूल करते आहे. प्रत्यक्षात सिद्धांत असे सांगत नाही की एका बिंदूतून वस्तू बाहेरच्या पोकळीत फेकल्या गेल्या. तो एवढेच सांगतो की पूर्वी सर्वत्र घनता आणि तापमान फार होते आणि अंतरे सर्वत्र वाढत गेली. त्याला मध्य नाही आणि बाहेर उभे राहण्याची जागाही नाही. आपण जे काही मोजतो ते आतूनच मोजतो.

म्हणूनच ४६५० कोटी प्रकाशवर्षे ही ‘विश्वाची’ त्रिज्या नव्हे. ती आपल्याला दिसू शकणाऱ्या भागाची त्रिज्या आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असते, पण अरबी समुद्र तिथे संपतो असे कोळी म्हणत नाही. क्षितिज ही समुद्राची नव्हे, तर पाहणाऱ्याची मर्यादा असते, आणि शेजारच्या होडीतल्या माणसाचे क्षितिज थोडे वेगळे असते. एकूण विश्व केवढे आहे, हे कोणीही मोजलेले नाही. ‘अनंत आहे’ असे छातीठोकपणे सांगणारा व्हिडिओ आणि ‘९३०० कोटी प्रकाशवर्षे रुंद आहे, बस्स’ असे सांगणारा व्हिडिओ, दोघेही मोजलेल्या गोष्टीच्या पुढे जाऊन बोलत आहेत.

‘सपाट’ या शब्दाने तर तुमच्यासारख्या अनेकांना छळले आहे. सपाट म्हणजे पोळीसारखे नव्हे. गणिती अर्थाने सपाट म्हणजे जिथे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरते, अशी जागा. पृथ्वीच्या पाठीवर ती भरत नाही : उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत एक रेषा काढा, तिथून विषुववृत्तावरून पाव फेरी मारा आणि पुन्हा ध्रुवाकडे वळा; तिन्ही कोन काटकोन होतात आणि बेरीज २७० भरते. खोगीरासारख्या पृष्ठभागावर ती १८०पेक्षा कमी भरते. मग विश्वाएवढा त्रिकोण मोजायचा कसा? इथे वर सांगितलेला जुना प्रकाश कामी येतो. त्यात किंचित उष्ण आणि किंचित थंड ठिपके आहेत. त्या ठिपक्यांचा खरा आकार भौतिकशास्त्राच्या गणिताने काढता येतो आणि ते किती दूर आहेत हेही ठाऊक आहे. अवकाश वक्र असेल तर ते अपेक्षेपेक्षा मोठे किंवा लहान दिसायला हवेत. १९९८च्या अखेरीस अंटार्क्टिकावर बलूनमधून सोडलेल्या ‘बूमरँग’ या दुर्बिणीने ते मोजले. सुमारे एक अंश भरले, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण दुप्पट रुंद, आणि सपाट अवकाशात ते तेवढेच भरायला हवे होते. पुढे प्लँक उपग्रहाची मोजमापे इतर निरीक्षणांशी जोडल्यावर सपाटपणा अर्ध्या टक्क्याच्या आत पक्का झाला.

परंतु सपाट म्हणून अनंत, हा निष्कर्ष इथून निघत नाही, आणि व्हिडिओवाले नेमके इथे घसरतात. कागदावर त्रिकोण काढून त्या कागदाची नळी करा. कोन बदलत नाहीत, पण नळीवरून सरळ चालत गेलेली मुंगी फिरून मूळ जागी येते. जुन्या मोबाइलवरील सापाच्या खेळात उजवीकडून बाहेर गेलेला साप डावीकडून आत येत असे. त्याचे जग सपाटही होते आणि सांत, म्हणजे मर्यादितही. विश्व असे असेल, तर आकाशाच्या दोन निरनिराळ्या भागांत ठिपक्यांचे एकसारखे नमुने वर्तुळांवर जुळायला हवेत. तसे शोधून पाहिले आहे आणि आजवर काही सापडलेले नाही. याचा अर्थ इतकाच की, विश्व स्वतःवर वळून आलेले असेलच, तर ते आपल्या क्षितिजाच्या पलीकडे कुठेतरी.

वयाविषयी तुम्ही जी तक्रार केली आहे, ‘आज एक सांगतात, उद्या दुसरे, म्हणजे सगळे अंदाजपंचेच,’ तिच्यावर जरा रेंगाळतो, कारण अशा तक्रारीची पत्रे मला इतर विषयांतही येतात. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२९मध्ये दीर्घिका दूर जाण्याचा जो वेग काढला, त्यावरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे भरत होते. मात्र किरणोत्सारावरून काढलेले पृथ्वीच्या खडकांचे वय त्याहून अधिक भरू लागले. मुलगी आईपेक्षा वयाने मोठी! ही विसंगती कोणी दडपली नाही. ती वीसेक वर्षे सर्वांच्या डोळ्यांत खुपत राहिली. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहरात ब्लॅकआउट असे, त्यामुळे जवळच्या माउंट विल्सन वेधशाळेतून आकाश अधिक काळोखे दिसे. तिथे वॉल्टर बाडे यांनी देवयानी दीर्घिकेतील तारे बारकाईने न्याहाळले आणि अखेर १९५२मध्ये जाहीर केले की, अंतरे मोजण्यासाठी वापरले जाणारे सेफीड जातीचे रूपविकारी (म्हणजे तेज कमी-जास्त होणारे) तारे एका नव्हे तर दोन प्रकारचे असतात. मोजपट्टीच चुकलेली होती. दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली आणि वयही दुप्पट झाले. पुढील दुरुस्त्यांनंतर १९७०-८०च्या दशकांत वाद असा होता की प्रसरणाचा दर (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर) ५० धरावा की १००, म्हणजे दुपटीचा फरक. आज तो वाद ६७ आणि ७३ यांमध्ये आहे. तो खरा आहे, मिटलेला नाही आणि त्यातून काही नवे निघूही शकते; पण दुपटीवरून आठ-नऊ टक्क्यांवर आलेल्या फरकाला ‘यांना काहीच माहीत नाही’ असे म्हणणे, म्हणजे ताळेबंदात काही रुपयांचा फरक राहिला म्हणून बँकच नाही असे म्हणण्यासारखे आहे.

तुम्ही ज्या ‘दुप्पट वया’चा उल्लेख केला आहे, तो २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातील २६७० कोटी वर्षांचा आकडा असावा. असा निबंध निघणे यात वावगे काहीच नाही. पण तो ऐकल्यावर स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : मग १८०० किंवा २००० कोटी वर्षांचे म्हातारे तारे कुठे आहेत? सूर्याहून कमी वस्तुमानाचे कित्येक तारे एवढे जगू शकतात. आपल्या आकाशगंगेतील सर्वांत जुन्या तारकागुच्छांचे वय स्वतंत्र रीतीने, ताऱ्यांच्या अंतरंगाच्या गणितावरून, साधारण १२५० ते १३०० कोटी वर्षे भरते. प्रसरणाशी काहीही देणेघेणे नसलेली पद्धत त्याच्याच आसपास येऊन थांबते, हा मला १३८० कोटींच्या बाजूचा सर्वांत समजण्याजोगा पुरावा वाटतो.

शंका घेणे आपल्याकडे परके नाही. कोल्हापूरला जन्मलेले आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे जयंत नारळीकर हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी. महास्फोटाविषयीची आपली शंका त्यांनी २०२५मध्ये निधन होईपर्यंत सोडली नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांना त्यांचे पर्यायी सिद्धांत पटले नाहीत. तरीही त्यांची शंका आणि व्हिडिओतील सनसनाटी यांत फरक हा की, ते आपल्या बाजूचे गणित मांडत आणि ते कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरेल हेही सांगत. मुले सही मागायला आली की ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून धाडत, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तुमच्या नातीचा प्रश्न अशा पोस्टकार्डावर शोभला असता.

राहिले क्षुल्लकपणाचे. इथे मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. विश्व मोठे आहे हे मोजलेले आहे. म्हणून आपण कवडीमोल आहोत हे कोणी मोजलेले नाही, ते आपण वरून जोडतो. १९२५च्या सुमारास देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे हबल यांनी दाखवेपर्यंत अनेक खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगेलाच संपूर्ण विश्व समजत होते. म्हणजे तुमचे आजोबा आजच्यापेक्षा कितीतरी लहान विश्वात वाढले. त्यामुळे त्यांच्या घरातील लग्नकार्य किंवा दुष्काळातले हाल यांचे मोल तुमच्या सुखदुःखांपेक्षा अधिक होते का? आणि वहिनी ज्या परंपरेतून तुम्हाला नामस्मरण सुचवतात, तिलाही मोठ्या आकड्यांचे वावडे नाही. पूजेला बसल्यावर तुम्ही संकल्प सोडता तेव्हा ब्रह्मदेवाचे परार्ध, श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर इथपासून सुरुवात होते, मग भरतखंड, मग गोदावरीचे दक्षिण तीर, आणि शेवटी तुमचे गोत्र आणि नाव येते. एवढ्या पसाऱ्यातील स्वतःचा पत्ता सांगून झाला की माणूस शांतपणे कलशाला गंध लावतो. (कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय जवळपास येते, हा योगायोग आहे. ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे फॉरवर्ड आले तर कृपया पुढे पाठवू नका.)

तेव्हा नाद सोडू नका. त्याची वेळ बदला. रात्री नऊनंतर खगोलशास्त्राचा व्हिडिओ लावायचा नाही, हे व्यवहाराचे पथ्य म्हणून पाळा. अंथरुणात पडून ऐकलेले कोणतेही मोठे वाक्य, मग ते विश्वाविषयी असो वा शेअर बाजाराविषयी, आहे त्याहून भयाण वाटते. दोन-तीन आठवडे असे करूनही झोप येत नसेल, पहाटे छाती धडधडत असेल किंवा दिवसाही मन कशात लागत नसेल, तर हे प्रकरण विश्वाचे उरत नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत निरनिराळ्या निमित्तांनी असे घडते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दिवसा मात्र एक वही करा. ऐकलेला प्रत्येक आकडा तिच्यात लिहायचा आणि त्यापुढे तो कशाचा आहे, काळाचा की अंतराचा, दिसणाऱ्या भागाचा की एकूणाचा, आणि तो मोजला कसा, हे नोंदवायचे. ‘मोजला कसा’ हा रकाना व्हिडिओ पाहूनही कोरा राहिला, तर त्या वाहिनीला तुमच्या वेळेतून किती हप्ते द्यायचे हे तुम्ही ठरवू शकता. दुसरे, हे एकट्याने करू नका. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. इतर शहरांतही अशी मंडळे आहेत. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरते. वहिनींना घेऊन जा. त्यांचा विरोध तारकांना नसून रात्री एक वाजता उशाशी चमकणाऱ्या पडद्याला आहे, अशी मला दाट शंका आहे.

नातीच्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही’ असे म्हणालात, तो उघडे पडण्याचा प्रसंग नव्हता. त्या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर तेच आहे. फक्त तिथे थांबू नका. तिला सांगा की ‘बाहेर’ दोन प्रकारचे असू शकते. आपल्याला दिसते त्याच्या बाहेर बहुधा आणखी दीर्घिकाच असतील, आपल्यासारख्याच. पण सगळ्याच्याच बाहेर काय, हा प्रश्न ‘सोमवारच्या डावीकडे काय?’ असा असू शकतो : वाक्य बरोबर, पण विचारलेली जागाच अस्तित्वात नाही. त्यावर ती हसेल आणि तुम्हाला आणखी अवघड काहीतरी विचारेल.

नाताळात ती येईल तेव्हा रात्री नऊच्या सुमारास तिला गच्चीवर न्या. डोक्यावरच्या बाजूला तांबूस रोहिणी दिसेल. तिचा प्रकाश सुमारे ६५ वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे तुम्ही तेव्हा वर्षाचे होता. आग्नेयेकडे, मृगाच्या खाली, सर्वांत तेजस्वी तारा व्याध. तो ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा जो प्रकाश त्या रात्री तिच्या डोळ्यांत शिरेल, तो निघाला तेव्हा ती पाच महिन्यांची होती, नुकती पालथी पडायला लागली असेल. तेव्हाचे एखादे छायाचित्र वहिनींकडे असेल, तर गच्चीवर जाण्याआधी काढून ठेवा.